नाकातलं मास आणि शेपटीचा केस

प्रश्न : माझी घोडी १४ वर्षांची आहे. गेले तीन महिने तिच्या डाव्या नाकपुडीतून पांढरट-पिवळा शेंबूड येतो. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. औषध चालू असताना शेंबूड कमी होतो, थांबवलं की आठवड्याभरात पुन्हा सुरू. महिनाभरापासून दुडकीवर आली की नाकातून घोरल्यासारखा आवाज येतो. दोनदा शेंबडात रक्ताची रेघ दिसली. परवा नाक पुसताना आत गुलाबी, ओलं, बोराएवढं काहीतरी दिसलं. फुरफुरली की पुढे येतं, मग आत जातं. त्यावर पांढरे ठिपके असल्यासारखंही वाटलं. ओळखीतले एक जुने घोडेवाले म्हणतात, नाकात मास वाढलंय, तिच्याच शेपटीचा केस देठाला बांधा, आठ दिवसांत गळून पडेल. दुसरे म्हणतात, जळू आहे. आमचे डॉक्टर म्हणतात, दुर्बिणीने बघावं लागेल, मोठ्या दवाखान्यात न्या. हा कॅन्सर असेल का? केस बांधून बघायला काय हरकत आहे? तोवर रपेट चालू ठेवू का? काढलं तर पुन्हा येईल का? आणि काहीच न करता तसंच ठेवलं तर?

उत्तर : केस बांधू नका. पुढचं सवडीने वाचलंत तरी चालेल, एवढं आधी लिहून टाकतो.

चामखिळीला केस बांधतात तेव्हा तिचं बूड डोळ्यांसमोर असतं. तुमच्या घोडीच्या नाकात दिसणारं बोर हे नुसतं टोक आहे. त्याचा देठ कुठून निघालाय ते तुम्हाला, मला किंवा त्या जुन्या घोडेवाल्यांना बाहेरून दिसणं शक्य नाही. तो नाकाच्या मधल्या पडद्यावरून निघाला असेल, बाजूच्या भिंतीवरून निघाला असेल, किंवा वरच्या दाढेच्या खोबणीतूनही वर आलेला असेल. घोड्याचं नाक नाकपुडीपासून पार डोळ्यांच्या रेषेपर्यंत जातं. आत कागदासारख्या पातळ हाडांच्या सुरळ्या असतात आणि त्यांच्यावर रक्ताने तुडुंब भरलेलं अस्तर.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी असंच एक लोंबतं मास चिमट्यात धरून ओढलं होतं. अर्धं हातात आलं, अर्धं आत राहिलं, आणि पुढचा पाऊण तास मी आणि मोतद्दार मिळून नाकात गॉज कोंबत उभे होतो. घोडा वाचला, कारण ५०० किलोच्या घोड्यात ४० लिटरच्या आसपास रक्त असतं. आमच्या पायाखाली पडलेलं रक्त भयंकर दिसलं तरी त्याच्या हिशेबात थोडंच होतं. पण चार महिन्यांनी मास पुन्हा तिथेच हजर. देठ मी आत ठेवला होता ना!

जळूचं म्हणाल, तर घोड्याच्या नाकात जळू शिरते हे खरं. पण ती काळपट-तपकिरी असते, आखडते, लांबते, जागा बदलते. तुमचं बोर घोडीच्या श्वासाबरोबर मागेपुढे होतं, स्वतःहून हलत नाही. शिवाय जळूने रक्त येईल, तीन महिने पिवळा शेंबूड येणार नाही.

आता मूळ मुद्दा. ‘पॉलिप’ किंवा ‘नाकातलं मास’ हे आकाराचं वर्णन आहे. कुठल्यातरी कारणाने अस्तर महिनोन्‌महिने सुजत राहतं, जाड होतं, स्वतःच्या वजनाने लोंबायला लागतं, आणि लोंबता लोंबता त्याला देठ येतो. घोड्यात हे बहुतेक वेळा एकाच बाजूला आणि एकच असतं. माणसाच्या नाकातले पॉलिप सहसा दोन्हीकडे असतात आणि त्यांच्यावर स्टेरॉइडचा स्प्रे बराच चालतो. तुमच्या ओळखीत कुणी तो स्प्रे वापरत असेल आणि आपुलकीने बाटली पुढे करत असेल, तर आभार मानून परत द्या. घोड्यात मुख्य इलाज काढून टाकणं हाच आहे. आणि स्टेरॉइड, विशेषतः इंजेक्शनमधून, घोड्याला सांभाळूनच द्यावं लागतं, कारण त्याने काही घोड्यांचे खूर आतून सुजून ते कायमचे लंगडे होण्याचा धोका असतो.

तुमच्या पत्रात सगळ्यात मोलाचा शब्द कुठला असेल तर तो ‘डाव्या’. डाव्या-उजव्या नाकाला वेगळं करणारा पडदा साधारण डोळ्यांच्या पातळीला संपतो. त्याच्या मागून, म्हणजे घशातून किंवा फुप्फुसातून येणारं बहुधा दोन्हीकडून वाहतं. सतत एकाच नाकपुडीतून येत असेल तर मूळ त्याच बाजूच्या नाकात, गालाच्या हाडातल्या पोकळीत किंवा दाढेत असण्याची शक्यता मोठी. जबड्यामागची हवेची पिशवी एवढा एक अपवाद ध्यानात ठेवायचा; तिच्यातलं पू-रक्तही पुष्कळदा एकाच बाजूने येतं. साध्या सर्दीला एवढी शिस्त नसते. म्हणून अँटिबायोटिकने कमी होणारा आणि थांबवताच परतणारा एका बाजूचा शेंबूड दिसला की मी तिसरा कोर्स लिहीत नाही. हे शहाणपण मला उशिरा आलं. एका घोड्याला मी पाच महिने औषधं बदलून बदलून दिली होती, आणि शेवटी निघाली किडलेली दाढ. तेव्हा तीन महिने वाया गेले म्हणून तुम्ही स्वतःला बोल लावू नका. तुमचे डॉक्टर दोन कोर्सनंतर दुर्बिणीवर आले, माझ्यापेक्षा लवकरच आले म्हणायचे.

दाढेवर थोडं थांबतो, कारण तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय तिथेच आहे. घोड्याच्या वरच्या जबड्यात प्रत्येक बाजूला सहा मोठ्या दाढा असतात. त्यांतल्या मागच्या तीन-चार दाढांची मुळं गालाच्या हाडातल्या पोकळीत उतरलेली असतात. मध्ये असतं ते हाडाचं पातळ कवच. मुळाशी पू झाला की तो त्या पोकळीत साचतो, तिथून चिंचोळ्या वाटेने नाकात झिरपतो, आणि ज्या अस्तरावरून महिनोन्‌महिने झिरपतो ते चिडून वाढायला लागतं. अशा वेळी पॉलिप कापून काढला आणि दाढ तशीच राहिली, तर गळणारा नळ चालू ठेवून फरशी पुसल्यासारखं होतं.

याची चाचपणी उद्या सकाळी तुम्ही स्वतः करू शकता. आधी वास घ्या. दोन्ही नाकपुड्यांजवळ आळीपाळीने नाक न्या. डावीकडून कुजका, जीव नको करणारा वास आला तर दाढेचा संशय बळावतो. मग डोळ्याखालच्या हाडावर दोन बोटांनी टकटक करा, आधी उजवीकडे, मग डावीकडे. तिचं तोंड थोडं उघडं धरलं तर आवाज चांगला कळतो. निरोगी बाजू रिकाम्या डब्यासारखी वाजते, पू भरलेली बाजू बद्द वाजते. दोन्हीकडे सारखंच वाजलं तरी पू नाहीच असं समजू नका. त्यानंतर एखादं थंड स्टीलचं ताट दोन्ही नाकपुड्यांखाली आडवं धरा. श्वासाच्या वाफेचे दोन ठसे उमटतील. डावा ठसा लहान किंवा पुसट असेल तर तिकडची वाट अडली आहे. चांगली नाकपुडी हाताने दाबून बघायचा मोह मात्र आवरा. दुसरी पूर्ण बंद असेल तर घोडी घाबरून उसळेल आणि तुम्ही भिंतीवर आपटाल.

ती का घाबरेल? कारण तिला तोंडाने श्वास घेता येत नाही. घोड्याची मऊ टाळू इतकी लांब असते की ती घशात श्वासनलिकेच्या तोंडाशी घट्ट बसते, आणि तोंडाची वाट श्वासापुरती बंदच राहते. आपलं नाक चोंदलं की आपण तोंड उघडून झोपतो. घोड्याला ती सोय नाही. उभी असताना मिनिटाला ८ ते १६ श्वास, त्याला अर्धं नाक पुरतं. भरधाव पळताना मात्र प्रत्येक झेपेला एक श्वास पडतो, मिनिटाला शंभराच्या वर, आणि हवा लागते मिनिटाला हजार लिटरहून जास्त. दुडकीवर ऐकू येणारं ते घोरणं म्हणजे तेवढी हवा अडथळ्याला घासून जाते आहे. म्हणून तपासणी होईपर्यंत रपेट बंद. हाताने धरून चालवा, मोकळी सोडा, पण पाठीवर बसू नका. आराम करतानाही नाकपुड्या फुगवून श्वास घेत असेल किंवा श्वासाला आवाज येत असेल, तर तारखेची वाट न बघता डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा.

आता कॅन्सर. असू शकतो, वयस्क घोड्यांच्या नाकात आणि गालाच्या पोकळीत होतो, पण यादीत मी त्याला पहिला नंबर देणार नाही. कॅन्सरमध्ये चेहरा एका बाजूने फुगणं, डोळ्यातून पाणी गळणं, घोडी वाळत जाणं अशी लक्षणं बऱ्याचदा सोबत येतात. तुम्ही त्यातलं काही लिहिलेलं नाही. तरी पाहून खात्री देता येत नाही. दुर्बिणीतून गुळगुळीत गुलाबी दिसलेलं मास तपासणीत वाईट निघालेलं मी पाहिलंय, आणि बघताच पोटात गोळा यावा असं दिसणारं निव्वळ सूज निघालेलंही.

रक्ताच्या रेघेमुळे आणखी एक नाव घ्यायला हवं. नाकाच्या अगदी मागे, मेंदूच्या जाळीदार हाडाला लागून, रक्ताची एक गाठ वाढते. घोडेवैद्यकात तिला ‘एथमॉइड हिमॅटोमा’ म्हणतात. कॅन्सर नसते, पण वाढत राहते. मध्यमवयीन आणि म्हाताऱ्या घोड्यांत दिसते, रंग हिरवट-पिवळा ते जांभळा, आणि मधूनमधून एका नाकपुडीतून थोडंसं रक्त येतं. तुमच्या घोडीत शेंबूड जास्त आणि रक्त कमी, शिवाय रंग गुलाबी, म्हणून मला ती कमी संभवते. पण दुर्बीण मागपर्यंत गेल्याशिवाय ती बाद होत नाही. एकाएकी भळभळ रक्त आलं तर मात्र ते वेगळंच प्रकरण. मघाशी सांगितलेल्या त्या हवेच्या पिशवीत बुरशी शिरून मोठी रक्तवाहिनी खाते, तेव्हा आधी एक-दोनदा असं रक्त येतं आणि मग एक दिवस घोडा जातो. ती वेळ रात्रीची असली तरी फोन करायचा.

पांढऱ्या ठिपक्यांबद्दल. ते बहुधा शेंबडाचेच असतील. ओल्या गॉजने हलकेच टिपून बघा. पुसले गेले तर प्रश्न मिटला. नाही गेले, आणि मास स्ट्रॉबेरीसारखं लालसर, दाणेदार, हात लावताच रक्त येणारं असेल, तर डॉक्टरांना ‘ऱ्हायनोस्पोरिडिओसिस’ची आठवण करून द्या. हा एका सूक्ष्म जीवाचा रोग आहे. त्याला पूर्वी बुरशी समजत, आता पाण्यातल्या एकपेशीय जीवांत त्याची गणना होते. माणूस, गाय, घोडा, सगळ्यांच्या नाकात तो असे मासाचे गोळे वाढवतो. दक्षिण भारत आणि श्रीलंकेत जास्त आढळतो, साचलेल्या पाण्याशी त्याचा संबंध जोडला जातो. एका जनावराकडून दुसऱ्याला लागतो असं दिसलेलं नाही. काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की त्याच्या गोल पिशव्या ओळखू येतात.

आणि ग्लँडर्स. शक्यता कमी, पण हा रोग माणसाला लागतो आणि जिवावर बेततो, म्हणून गाळत नाही. त्यात नाकाच्या पडद्यावर गाठी आणि जखमा होतात, चिकट शेंबूड येतो, कातडीखाली गाठी फुटतात, घोडा खंगतो. तपासणी रक्तावर होते आणि बऱ्याच देशांत हा रोग सरकारला कळवणं सक्तीचं आहे. तुमच्या डॉक्टरांनी ती शंका फेटाळेपर्यंत नाक पुसताना हातमोजे घाला, हात धुवा, तिची बादली आणि पुसायचं फडकं वेगळं ठेवा. शेंबूड दोन्हीकडून यायला लागला, ताप आला, गळ्याखाली गाठी आल्या, तर बाकीच्या घोड्यांपासून तिला लगेच दूर करा. तो संसर्गाचा रस्ता आहे, पॉलिपचा नाही.

दवाखान्यात काय होईल ते सांगतो, म्हणजे तिथे गोंधळायला होणार नाही. घोडीला उभ्या उभ्या गुंगीचं इंजेक्शन देतील आणि बोटाएवढी जाड, लवचीक दुर्बीण नाकातून घालतील. गुंगीत घोडं मान खाली टाकतं आणि मान खाली गेली की नाकाचं अस्तर आणखी सुजतं. म्हणून हनुवटीखाली आधार देऊन डोकं वर धरायला सांगतील. ते काम मनापासून करा, तिची उरलेली वाट त्यावर आहे. दोन्ही नाकपुड्या बघायला सांगा, नुसती डावी नाही. मग डोक्याचे एक्स-रे आणि आरसा घालून दाढांची नीट तपासणी. सीटी स्कॅनची सोय असेल तर फारच उत्तम, एक्स-रेत एकमेकांवर चढलेली हाडं त्यात सुटी दिसतात.

तुकडा काढतील तेव्हा एक विचारा : खोलवरचा घेतलाय ना? वरवरचा चिमटा घेतला तर कुठल्याही गाठीचा अहवाल ‘जुनी सूज’ एवढाच येतो, कारण पृष्ठभाग सगळ्यांचाच सुजलेला असतो. आणि पुढे शस्त्रक्रियेत निघालेलं सगळं मास फॉर्मॅलिनच्या बरणीत घालून तपासणीला गेलंच पाहिजे. ते मोबाइलमध्ये फोटो काढून कचऱ्यात टाकायची वस्तू नाही.

देठ पुढे असेल तर नाकपुडीतूनच फास किंवा लेझर वापरून तो मुळाशी कापता येतो. मागे किंवा पोकळीत असेल तर गालाच्या हाडाला खिडकी पाडून आत जावं लागतं. ऐकायला भयानक वाटतं. पण नस बधिर करून, घोडी उभी ठेवून हे आता सर्रास करतात, आणि मला तेच पसंत आहे. उभ्या घोड्यात रक्त कमी जातं. शिवाय पूर्ण भूल देऊन आडवं पाडण्याचा घोड्याला स्वतंत्र धोका आहे, निरोगी घोड्यांतही शंभरात एकाच्या आसपास दगावतो. रक्त थांबवायला नाकात लांबलचक गॉज भरून नाकपुडीला टाके घालतात आणि दोन-तीन दिवसांनी काढतात. पुढे काही दिवस गुलाबी पाणी येत राहील, ते अपेक्षित आहे. धनुर्वाताची लस झाली आहे का, ते आजच कागद काढून बघा. घोड्याइतका धनुर्वाताला हळवा प्राणी क्वचितच असेल.

पुन्हा येईल का? देठ पूर्ण निघाला आणि कारण सापडलं, तर बहुधा नाही. देठाचा तुकडा राहिला किंवा दाढ तशीच सोडली, तर येईल. दाढ काढली तर तिथलं भोक भरून येईपर्यंत त्यात बूच लागतं. ते निसटलं तर चावलेला चारा थेट गालाच्या पोकळीत जातो आणि पुन्हा तोच वास, तोच शेंबूड. शेंबडात हिरवे कण दिसले तर हेच झालंय असं समजा. माझा शिरस्ता असा, की सगळं छान दिसत असलं तरी दीड-दोन महिन्यांनी एकदा दुर्बीण घालून बघायचंच.

‘तसंच ठेवलं तर’ हा प्रश्न तुम्ही शेवटी आणि जरा ओशाळून विचारलाय. ओशाळू नका. अहवालात साधा पॉलिप आला, दाढ चांगली असली, वाट फारशी अडलेली नसली आणि घोडीला नुसतं चरायचं-फिरायचं असलं, तर लक्ष ठेवून थांबणं हाही निर्णय असू शकतो. फक्त तो काय आहे हे कळल्यावर घ्यायचा, आधी नाही. वाढत गेलं तर ते मधल्या पडद्याला ढकलतं आणि मग उजवी वाटही चिंचोळी होते.

तारीख ठरली की डॉक्टरांना विचारून घ्या, की तोवर अँटिबायोटिक बंद ठेवायचं का. औषध चालू असताना घेतलेल्या पुवात जंतू वाढत नाहीत आणि तपासणी फुकट जाते. घरी चारा भिजवून, जमिनीवर ठेवून द्या. उंच टांगलेली जाळी काढा. डोकं खाली गेलं की साचलेलं आपोआप वाहून येतं. गाडीतून नेतानाही तिला डोकं वर करून आखूड बांधू नका. लांबचा रस्ता असेल तर दर तीन-चार तासांनी थांबा, म्होरकीचा दोर सैल करा आणि तिला मान जमिनीपर्यंत नेऊ द्या. तेव्हा डाव्या नाकपुडीतून एकदम पुष्कळ घाण येईल. घाबरू नका, येऊ द्या, आणि रंग कसा होता, वास कसा होता, ते डॉक्टरांना सांगायला लक्षात ठेवा.